तेवीस फूट मागची गिटार

राजपालची गिटार माझ्या हातून नाहीशी झाली. वाद्य नव्हे, वाद्य त्याच्या घरी खुंटीला सुखरूप टांगलेलं आहे. नाहीशी झाली ती त्याने वाजवून लॅपटॉपमध्ये साठवून ठेवलेली पावणेचार मिनिटं.

कारंज्याच्या ‘जगदंबा साउंड’ या स्टुडिओत मी एकटाच बसलो होतो. मालक दौलतसिंग राठोड बाहेर गेले होते. शेजारच्या गोदामाच्या हमालांना ते सांगत होते की पोती जरा हळू टाका, आत संगीत चालू आहे. तेवढ्यात मला स्वतःचं वाजवणं पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं. त्या दिवशीचं ते अकरावं ऐकणं. मी एक बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं गेलं, आणि इंग्रजीत काही विचारलं की न वाचता ‘यस’ म्हणायचं ही बँकेने आणि मोबाइलने मला लावलेली सवय कामी आली. यंत्राने बिचाऱ्याने पुन्हा विचारलं, नक्की ना? मी पुन्हा यस.

दौलतसिंग आत आले. पडद्यावर आमच्या गाण्याच्या चार रंगीत पट्ट्या असायच्या, आम्हा चौघांची एकेक. त्यांनी त्या बोटाने मोजल्या.

“सर, नारिंगी पट्टी कुठं गेली?”

“कोणती नारिंगी?” मी विचारलं. पंचवीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवल्यामुळे कॉपी पकडल्यावर विद्यार्थी जो चेहरा करतो तो मला पाठ आहे.

“राजपालची.”

“त्याची दुसरी प्रत असेल की पेनड्राइव्हवर.”

“होती. मंगळवारी तुमीच नेला ना पेनड्राइव्ह.”

नेला होता. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका न्यायला. आणि त्यात जागा नव्हती म्हणून मी तो आधी स्वच्छ केला होता. माझ्या हातून आयुष्यात एवढं नीटनेटकं काम दुसरं झालेलं नाही.

दौलतसिंग रागावले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक डबी काढली, तिच्यातला कापसाचा बोळा घेतला आणि उजव्या कानात घातला. हा प्रकार रागावण्यापेक्षा किती भयंकर आहे हे कळायला आधी दौलतसिंग कळायला हवेत.

ते मूळचे इंझोरीकडच्या एका तांड्यावरचे. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने शेवग्याची शेंग. कारंज्यात कापसाला तोटा नाही, पण तो कानात घालून फिरणारा हा एकच माणूस. एसटीत, बाजारात, लग्नात, कोणी निवडणुकीवर बोलायला लागला तर बोळा आत. स्टुडिओचा उंबरा ओलांडला की बोळा बाहेर. “चांगला कान फालतू गोष्टीत कायले झिजवा?” असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्नी गोमतीबाई यावर एकच सांगतात, “डावा कान मले दिला, अन् तो माह्यापुरता बहिरा.”

हा कान त्यांनी झाडावर कमावला. पंधराव्या वर्षापासून ते भोंगे बांधत. आईबाप ऊसतोडीला गेले की हे मागे राहायचे, ते एका लाउडस्पीकरवाल्याच्या ट्रॅक्टरवर. एकदा एका पुढाऱ्याची सभा होती आणि गर्दी येईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून रस्त्याच्या कडेच्या सात झाडांवर सात भोंगे बांधायचा हुकूम सुटला. दौलतसिंग शेवटच्या कडुलिंबावर बसले होते. पुढारी ‘विकास’ म्हणाले, तो सात झाडांवरून सात वेळा ऐकू आला, दर वेळी आधीपेक्षा बारीक. सभा संपल्यावर पुढाऱ्यांनी विचारलं, “कशी वाटली रे?” हे झाडावरूनच म्हणाले, “लय रुंद वाटली साहेब.”

त्या दिवशी त्यांना कळलं की आवाजाला चालायला वेळ लागतो. सेकंदाला साडेअकराशे फूट. म्हणून आजही लोक जो उशीर मिलिसेकंदात मोजतात तो दौलतसिंग फुटांत मोजतात. आणि दुसरी गोष्ट कळली ती अशी, की एकच बोलणं दोन बाजूंनी थोड्या फरकाने आलं तर दोन माणसं बोलल्यासारखं वाटतं. फरक जास्त झाला की लोकांना कळतं, माणूस एकच आहे, हा नुसता पडसाद. माझ्या मते आपलं अर्धं सार्वजनिक जीवन याच तत्त्वावर चालतं. आमच्या कॉलेजात प्राचार्य एक वाक्य बोलतात आणि उपप्राचार्य तेच वाक्य लगेच बोलतात, ठराव एकमताने मंजूर. परवा उपप्राचार्यांना मध्ये शिंक आली आणि दोन सेकंद गेले, तर सगळा स्टाफ त्यांच्याकडे वळून बघायला लागला.

दौलतसिंगांचा स्टुडिओ म्हणजे एक जुनी खोली. भिंतींना गोणपाट, वर अंड्यांचे ट्रे, दाराला गोमतीबाईंनी शिवलेली गोधडी. टेबलावर दोन चांगले स्पीकर. आणि कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला एक जुना भोंगा. भजन असो, प्रचाराचं गाणं असो, की आमच्यासारख्यांचं रॉक, तयार झालेलं प्रत्येक गाणं शेवटी या भोंग्यावर वाजवून पाहिल्याशिवाय ते हातातून सोडत नाहीत. मला ही पद्धत जरा गावठी वाटायची. इंटरनेटवर मी बरंच वाचलं होतं, आणि तिथे भोंग्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

आता त्या नारिंगी पट्टीचं महत्त्व. आमचा चौघांचा बँड. सुप्रिया गाते, धीरज ड्रम वाजवतो, आणि राजपाल व मी दोघंही ऱ्हिदम गिटार, म्हणजे गाण्याखाली सतत खरखर वाजत राहणारा पाया. राजपाल पवार माझा जुना विद्यार्थी, दौलतसिंगांच्याच तांड्यावरचा. तांड्यावर दर जानेवारीत टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने भरतात आणि राजपाल दरवर्षी सलामीला खेळतो. यंदा त्याने सामन्यांसाठी गाणं केलं. पण दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको कोयते घेऊन ऊसतोडीला गेले. जाण्याआधी एका दमात त्याने गिटार वाजवून दिली आणि मला म्हणाला, “सर, उद्घाटनाले याडी भोंग्याखाली येऊन बसनार. मी तर मैदानात नसन. माही गिटार तरी असू द्या.” याडी म्हणजे त्याची आई, हिरीबाई.

आणि ती गिटार मी यस म्हणून घालवली होती. उद्घाटनाला पाच दिवस होते.

“त्याच्या जागी मीच पुन्हा वाजवतो,” मी म्हणालो.

रॉकमध्ये एकाच चालीच्या दोन गिटारी लागतात, एक डाव्या कानात, एक उजव्या. दोन हात कधी अगदी सारखे चालत नाहीत. कुठे हा केसभर पुढे, कुठे तो केसभर मागे. त्या फरकानेच गाणं खळ्यासारखं पसरतं. मी तीनदा वाजवलं. फरक केसभर राहिला नाही.

“सर,” दौलतसिंग डोळे मिटून म्हणाले, “फरक पायजे, पन दोघं एकाच गान्यात पायजे.”

मग मी माझं इंटरनेटचं ज्ञान बाहेर काढलं. डिले. माझी डावीकडची गिटार घ्यायची, तिचीच नक्कल उजवीकडे टाकायची आणि नक्कल किंचित उशिरा सोडायची. एकाचे दोन.

“मले येते ते,” दौलतसिंग म्हणाले.

“मग करा ना!”

“येते म्हनून तर नाई करत. ते दिसाले दोन असते, असते एकच. राजपालले फोन करा अन् खरं सांगून टाका.”

“कसं सांगू, दौलतभाऊ? मी त्याचा शिक्षक आहे.”

“म्हनूनच म्हनून राह्यलो.”

मी हात जोडले. आमच्या पिढीच्या शिक्षकाने हात जोडले की समोरचा माणूस अवघडतो; हे हत्यार मी जपून वापरतो. दौलतसिंगांनी नाइलाजाने कानातला बोळा काढला.

“पाच फूट मागं उभं करतो तुमाले,” ते म्हणाले. ऐकलं. “नाई. अजून एकच हा तुमी.” मग बारा फूट. मग तेवीस. म्हणजे वीस मिलिसेकंद, एका सेकंदाचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. आणि हेडफोनमध्ये गाणं एकदम असं उघडलं की कारंज्याच्या गल्लीतून थेट समृद्धी महामार्गावर यावं. डावीकडे मी. उजवीकडे, माझ्यापासून तेवीस फूट मागे, बाहेर हमालांच्या हातगाडीजवळ कुठेतरी, आणखी एक मी.

“मागच्याचा आवाज जराक वाढवा लागते,” दौलतसिंग बटण फिरवत म्हणाले, “नाईतर कान पुढच्याचंच खरं मानते.”

मी ऐकतच राहिलो. घरी माझं एकदाही कोणी ऐकत नाही, आणि इथे मी दोन-दोनदा ऐकू येत होतो.

“आता भोंग्यावर लावून पाहू,” दौलतसिंग उठले.

“भोंग्यावर कशाला? पाचची बस आहे माझी.” खरं तर बस साडेपाचची होती. मी मोबाइलवर गाणं घेतलं आणि बस सुटायच्या आत बँडच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. खाली लिहिलं, ‘मिक्स फायनल’. कारंज्याच्या वेशीपर्यंत अकरा अंगठे आले. ग्रुपमध्ये आम्ही चौघेच आहोत. सुप्रियाने दोनदा आणि धीरजने बाकीचे दिले असावेत. राजपालचा अंगठा नव्हता. त्याच्या उसाच्या फडात फोन लागतो, पण नेट चालत नाही.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी आम्ही तांड्यावर भोंगा बांधायला गेलो. मैदान म्हणजे सोयाबीन काढून सपाट केलेलं वावर. कडेला कडुलिंब. दौलतसिंग या वयातही स्वतः वर चढले. खाली हिरीबाई येऊन बसल्या होत्या, उद्घाटनाच्या दोन दिवस आधीच, जागा धरून. गडद लाल ओढणी, हातभर पांढऱ्या बांगड्या, शेजारी दोरीला चांदी नावाची बकरी.

“लावा मास्तर,” त्या म्हणाल्या. “पोराचं आयकू द्या.”

मी गाणं लावलं. सुप्रियाचा आवाज आला, खणखणीत. धीरजचे ड्रम आले. आणि गिटारी? पत्र्याच्या डब्यात कोंडलेली गांधीलमाशी जर सर्दीने हैराण असेल, तर जो आवाज काढेल तसा एक आवाज कुठूनतरी येत होता. महामार्ग गेला होता. पांदणही उरली नव्हती.

दौलतसिंगांनी झाडावरूनच बोळा कानात घातला.

“असं का झालं?” मी वर बघून हळूच विचारलं.

“तुमी दोघं एकाच दारातून घुसून राह्यले ना सर,” ते फांदीवरून म्हणाले. “डावं-उजवं असते हेडफोनात. भोंग्याले दार एकच. तुमचा खांदा तुमच्याच खांद्याले अडकला. आता ना पुढचा आत येत, ना मागचा.”

हिरीबाईंनी मान तिरकी करून पूर्ण गाणं ऐकलं. मग म्हणाल्या, “याच्यात माह्या राजपालची कोनती?”

“ती काय,” मी हवेत बोट केलं. “उजवीकडची.”

हिरीबाईंनी झाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“भोंगा तं एकच हाय.”

तीस वर्षं मी वाचत असलेल्या कुठल्याही समीक्षेत इतका नेमका आक्षेप मला आढळलेला नाही. मी वर दौलतसिंगांकडे पाहिलं. ते तार आवळत होते.

“सांगा सर,” ते म्हणाले. “आता बसबी नाई तुमची.”

मी सांगितलं. नारिंगी पट्टी, यस, पेनड्राइव्ह, प्रश्नपत्रिका, सगळं. हिरीबाईंनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, अंगठ्याने एकच बटण बराच वेळ दाबून धरलं आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे राजपाल होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

“याडी?”

“मी बोलतोय. सर. राजपाल, तुझी गिटार माझ्या हातून पुसली गेली.”

तो म्हणाला, “चुकून दाबलं का सर?”

“हो. दोनदा.”

“सर, तुमी तं आमाले म्हनायचे, पेपर देन्याआधी एक वेळा वाचून पाहा.”

“म्हणायचो,” मी कबूल केलं.

तो हसला. पण ते हसू लवकर संपलं. “म्हंजे यंदा आपन कायच्यातच नाई,” तो म्हणाला. “ना मैदानात, ना भोंग्यात.”

हिरीबाईंनी माझ्या हातातून फोन ओढला आणि गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, त्याला दोन-तीन वाक्यं सुनावली. मग दौलतसिंगांना हाक मारली. तेही गोरमाटीत काहीतरी विचारत झरझर खाली उतरले, आणि पंचावन्न ओलांडलेला माणूस शेवटचे चार फूट उडी मारून आला, तेव्हा मला कळलं की काहीतरी घडलं आहे.

झालं होतं असं. निघायच्या आदल्या दिवशी राजपालने अंगणात बसून अख्खं गाणं आईच्या मोबाइलमध्ये वाजवून ठेवलं होतं. एका कानात धीरजचे ड्रम लावून, बॅटरीवरच्या लहान स्पीकरला गिटार जोडून. चार महिने याडीला करमायला म्हणून. हिरीबाई ते रोज बकरीचं दूध काढताना ऐकत होत्या.

“हे चालन का रे दौलत?” त्यांनी विचारलं.

दौलतसिंगांनी बोळा काढून डबीत टाकला. फोन कानाला लावला. डोळे मिटले. आम्ही सगळे, बकरी धरून, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

“ड्रमच्या संगं हाय,” ते म्हणाले. “कुठं दोन फूट पुढं, कुठं चार फूट मागं. असंच पायजे.”

“द्या इकडे, मी लॅपटॉपवर घेतो,” मी हात पुढे केला.

हिरीबाईंनी फोन छातीशी धरला. “याले हात नोको लावू देऊ, दौलत.”

तर मी बकरी धरली. दौलतसिंग कडुलिंबाखाली खाटेवर लॅपटॉप घेऊन बसले. मोबाइलमधली गिटार त्यांनी बाहेर काढली, खालची घरघर कापली, वरची किरकिर कापली, ड्रमशी टेकवली. माझी तेवीस फूट मागची नक्कल काढून फेकली. एका बटणात गेली, आणि यंत्राने तिच्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. अडचण एकच होती. अंगणातल्या त्या वाजवण्यात बकरी तीनदा ओरडली होती. दोन ठिकाणी ड्रमखाली दडपता आलं. तिसरं ओरडणं मात्र शेवटच्या धृपदाआधी, जिथे सगळं थांबतं, बरोबर तिथे होतं.

“काढा ना ते,” मी म्हणालो.

“काढलं तं तिथं घुमून राह्यलेला राजपालचा एक हात जाते त्याच्यासंगं. एकच हाय तो, दुसरा कुठून आनू?” त्यांनी ते ठेवलं. मग भोंग्यावर लावलं. पूर्ण लावलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि या वेळी मला कोणतीही बस नव्हती.

एकाच दारातून या वेळी दोन माणसं आली. खांद्याला खांदा घासत, पण दोघंही आली. हिरीबाईंनी ओढणीचं टोक दातात धरलं आणि बकरीची दोरी माझ्याकडून परत घेतली.

उद्घाटन दहा वाजता होतं. प्रमुख पाहुणे दीडला आले. एवढा डिले कुठल्याही यंत्रात बसत नाही. तो फक्त पाहुण्यांनाच जमतो. तोवर वेळ काढायला गाणं सहा वेळा वाजलं. तिसऱ्या वेळेपासून पोरांना बकरीची जागा कळली. सहाव्या वेळी संगीत थांबलं आणि दोन्ही संघ, पंच, भज्यांचा गाडीवाला असं अख्खं मैदान एका सुरात ओरडलं. हिरीबाईंनी त्या वेळी मोबाइल भोंग्याच्या दिशेने उंच धरला होता. पलीकडे फडात कामं थांबवून वीसेक माणसं ऐकत होती. गाणं संपल्यावर राजपालचा आवाज आला, “याडी, चांदी वरडली ना वं?” आणि मग, “सर हायेत का? सर, दुसऱ्या कडव्यात तुमी जराक मागं राहून राह्यले.”

पाहुण्यांनी भाषणात युवकांच्या कलेचं कौतुक केलं. त्यांच्या शेजारच्याने तेच कौतुक लगेच पुन्हा केलं.

संध्याकाळी सामने आटोपल्यावर दौलतसिंग भोंगा उतरवत होते आणि मी खाली तार गुंडाळत होतो. हिरीबाई बकरी घेऊन तांड्याकडे निघाल्या होत्या. राजपालचं ते दुसऱ्या कडव्याबद्दलचं बोलणं माझ्या मनाला लागून राहिलं होतं. शेवटी पंचवीस वर्षं मी तासाची घंटा ऐकून जगलेला माणूस आहे.

“दौलतभाऊ,” मी विचारलं, “खरं सांगा, माझी आणि राजपालची, दोघांत लय कोणाची पक्की?”

त्यांनी कानात बोळा घातला आणि म्हणाले, “बकरीची.”